सूर्य पाहून जेवायचं

त्या पावसाळ्यात आमच्या घरात "दिसला का?" हा प्रश्न दिवसातून किती वेळा विचारला जायचा, त्याला गणती नव्हती. काय दिसला, ते कुणी उच्चारत नसे. आई चुलीपाशी बसून विचारायची, शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, पाणक्यासुद्धा हंडा उतरवता उतरवता वर बघून म्हणायचा, "आज काय नाय वाटत, वैनी." आणि माझी वहिनी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती ओसरीच्या खांबाला टेकून पदराच्या टोकाशी चाळा करत बसलेली असायची. मी आज पन्नाशीच्या पुढे आहे. आयुष्यात फार बोलले नाही, आणि जे बोलायला हवं होतं ते तर मुळीच नाही. पण त्या पावसाळ्याबद्दल आता लिहायचं ठरवलं आहे. हे छापून आलं तर वहिनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल, हे मला ठाऊक आहे. वाचू दे.

आमचं घर बदलापूरला, कात्रपच्या अंगाला. आज तिथे इमारतींमागे इमारती आहेत, तेव्हा भाताची खाचरं होती आणि खाचरांच्या शेवटी डोंगर. मागच्या दारात भांडी घासायला बसलं की समोर तो डोंगर, मध्ये काही नाही. घर कौलारू, तीन खोल्यांचं. वडील मी लहान असतानाच गेले. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात लागला होता, त्याच्या पगारावर घर चालायचं. पगाराच्या दिवशी तो घरी येण्याआधी उलट्या दिशेला उल्हासनगरला जाऊन यायचा. उल्हासनगर हे नाव तेव्हा कागदावरचं, आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. तिथे मिलिटरीच्या बराकींमध्ये सिंधी मंडळी येऊन राहिली होती आणि त्यांच्या बायका मिरी घातलेले मोठमोठे पापड लाटायच्या. दादा ते पापड वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. निखाऱ्यावर धरला की असा काही वास सुटायचा, की शेजारचं मांजर येऊन उंबऱ्यावर बसायचं.

वहिनी माणदेशातली. तिच्या गावी पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. लग्न होऊन आली ती उन्हाळ्यात, आणि जून लागल्यावर तिला वाटलं की आभाळच फाटलं. "वन्सं, हे कधी थांबतं?" तिने मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, "दसऱ्याला." ती हसली, तिला ती थट्टा वाटली. आईला ती तिकडच्या रिवाजाने आत्याबाई म्हणायची. तिला जोंधळ्याची भाकरी लागायची आणि आमच्याकडे तांदळाची. तांदळाची भाकरी तिला थापता येत नसे, तव्यावर टाकताना हमखास मोडायची. मोडलेल्या भाकरीकडे बघून मी हसायचे. दादा मुद्दाम तीच मोडकी भाकरी उचलायचा आणि म्हणायचा, "बरी आहे, तोडायचे कष्ट वाचले." मला ते आवडत नसे. तिच्याआधी दादा माझा होता, इतकंच त्याचं कारण. मी सोळा वर्षांची होते, शाळा संपवून घरी बसले होते, आणि घरात दुसरी एक जण माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी येऊन मालकीण व्हायला निघाली होती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत दादाला खोकला धरला. पुढे ताप, मग थुंकीत रक्त. घाटावरच्या एका आरोग्यधामात त्याला नेऊन ठेवलं. त्याला तिथे पोचवून आई परत आली त्या संध्याकाळी, पाय धुता धुता, कुणाकडे न बघता ती म्हणाली, "आमच्या घरात आजवर कधी कुणाला खोकला नव्हता." एवढंच. त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. पण वहिनी हातातला तांब्या घेऊन उभी होती, आणि तो तांब्या तिने खाली ठेवला तो इतक्या सावकाश, की आवाज होऊ नये म्हणून ती सगळा जीव त्यात घालते आहे असं वाटलं.

आषाढी एकादशीला आई देवळात गेली होती. वहिनीने न्हाऊन, केस मोकळे सोडून, देवासमोर पाट मांडला आणि हातावर पाणी घेऊन ती पुटपुटायला लागली. मी दारात उभी होते. ती वळून म्हणाली, "वन्सं, मी नेम धरला. चातुर्मासभर सूर्य बघितल्याबिगर जेवायचं न्हाई. आमची आजी धरायची. ह्यांना बरं वाटू दे." तिच्या गावी हा नेम अगदी साधा. सकाळी अंगण झाडताना सूर्य दिसतोच, एखाद्या दिवशी ढग आला तर तासाभराने सरतो. तिच्या आजीला आयुष्यात एखादा दिवस उपास घडला असेल तर असेल. आमच्याकडे जूननंतर काय असतं हे तिने पाहिलेलं नव्हतं. तिचा हा पहिलाच पुरा पावसाळा. मागच्या वर्षी श्रावणापासून कार्तिकापर्यंत ती माहेरीच होती.

मला मात्र माहीत होतं. श्रावण-भाद्रपदात बदलापूरला आठ-आठ दिवस सूर्याचं नख दिसत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. हातावरचं पाणी अजून ताम्हनात पडलेलं नव्हतं. "अगं थांब, इथे हे जमायचं नाही, दुसरं काहीतरी धर," एवढं म्हणायला श्वासभराचा वेळ लागला असता. मी म्हटलं नाही. बघू या किती दिवस टिकते, असं माझ्या मनात आलं. तिने पाणी सोडलं आणि मी बाजूला होऊन तिला वाट दिली.

पहिले काही आठवडे गंमतच झाली, आणि ती गंमत आजही आठवली की हसू येतं. सूर्याने जरा डोकं बाहेर काढलं की सगळी आळी ओरडायची. "वैनी, आला आला!" वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत अंगणात यायची, आणि ती येईपर्यंत तो गेलेला असायचा. मग शेजारच्या काकू सांगायच्या, "मी पाहिला ना गं, अगदी नीट पाहिला, माझ्या डोळ्यांनी धर." वहिनी मान हलवायची. "माझ्याच डोळ्यानं दिसाय पायजे, काकू." एकदा तर ती मोरीत न्हात असताना ऊन पडलं, आणि आईने दाराबाहेरून हाक मारली, "छताचं कौल सरकव, कौल!" वहिनीने पाटावर उभं राहून काठीने कौल वर उचललं आणि फटीतून सूर्य बघितला. ते कौल पुढे नीट बसलं नाही, मोरीत गळायला लागलं. पण त्या दिवशी ती दोन वाढण्या भात जेवली, वालाच्या बिरड्याबरोबर, आणि आईच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी हसू पाहिलं.

भाद्रपदात झड लागली. दिवस आणि रात्र यांत फरक एवढाच, की दिवसा काळोख जरा फिकट. कौलांवरचा आवाज इतका सारखा, की थांबला असता तर आम्ही दचकलो असतो. वहिनी पहिल्या दिवशी पाणी पिऊन राहिली, दुसऱ्या दिवशी सुंठीचं पाणी. शेजारच्या काकूंचं म्हणणं, चहाला अन्न म्हणत नाहीत. वहिनी म्हणाली, दूध आहे त्यात. आळीतल्या भटजीबुवांना आईने विचारलं, तर त्यांनी तोड काढली: पाटावर रांगोळीने सूर्य काढावा, त्याची पूजा करावी, तेच दर्शन. आईने पाट मांडला. वहिनी त्याकडे बघून क्षीण हसली. "आत्याबाई, रांगोळी माझी, रेघा माझ्या. मीच काढायचा न् मीच बघायचा, ह्यात दर्शन कसलं?" मग आईने आवाज चढवला. "मी सांगते, मोड नेम. दोष लागला तर माझ्या माथी." वहिनी म्हणाली, "तसं न्हाई हो. आज मोडला, आन् तिकडं ह्यांना उद्या काही झालं, तर तुम्ही मला काही बोलणार न्हाई. मला माहिताय. पण मीच मला काय सांगू?" आईने तो पाट पुसून भिंतीला टेकवला.

आणि मी? मी जेवत होते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. दोन्ही वेळा, पोटभर. आई माझं ताट वाढायची, म्हणायची, "तू घे, मला मागाहून." मी घ्यायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मला काय सुचलं, मी डब्यातून कॅम्पातला पापड काढला आणि निखाऱ्यावर धरला. वास सगळ्या घरात भरला. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली होती. ती हात टेकून उठली, भिंत धरत धरत पडवीत गेली आणि तिथे पावसाच्या झोताजवळ, जिथे वास पोचत नव्हता, तिथे जाऊन बसली. पापड माझ्या हातात होता. मी तो खाल्ला, टाकला नाही. पण घशाखाली उतरता उतरता कुठेतरी तो अडला, आणि त्या संध्याकाळी आईपाशी बसून मी जे बोलले, ते त्या अडलेल्या घासामुळे बोलले.

दादा आजारी पडायच्या आदल्या वर्षी कारखान्यातल्या मित्रांबरोबर मागच्या डोंगरावर गेला होता, ऐन पावसाळ्यात. परत आला तो चिखलाने माखलेला, आणि डोळे चमकत होते. जेवताना सांगत होता, "आई, वर ऊन आहे! खाली धो धो पाऊस, आणि खिंडीच्या वर गेलं की ढग पायाखाली. आम्ही वर ऊन खात बसलो होतो, ऊन!" आईने तेव्हा म्हटलं होतं, "खा मुकाट्याने, ताप येईल." मी त्या संध्याकाळी आईला म्हटलं, "दादा म्हणाला होता ना, वर ऊन असतं." आई तांदूळ निवडत होती. तिचं बोट तांदळात तसंच राहिलं. बराच वेळ ती मागच्या दारातून बाहेर बघत राहिली. डोंगर दिसत नव्हताच, नुसता करडा पडदा. मग तिने सूप बाजूला ठेवलं. "पहाटे निघायचं. भाकऱ्या आत्ताच करते." वहिनी पडवीतून म्हणाली, "आत्याबाई, तुमचे गुडघे..." "गुडघे माझे आहेत," आई म्हणाली.

डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची वाडी होती. तिथली हिरी आमच्याकडे पावसाळ्यात टाकळा, कंटोली अशा रानभाज्या घेऊन यायची, त्यामुळे ओळख होती. शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून आम्ही तिच्या दारापर्यंत गेलो. वहिनी गाडीत घोंगडीखाली पडून होती. हिरी आम्हाला बघून दारातच उभी राहिली. आईने कारण सांगितलं. हिरीने तीनदा विचारलं, तरी तिला ते पटेना.

"सूर्य बघाया? येवरा डोंगर चढून?"

"हो."

"तुमचे घरा नाय येत काय तो?"

"तीन दिवस आला नाही."

"मंग येल ना चवथ्या दिशी! त्याला काय दुसरा गाव हाय?" हिरी हसली, मग वहिनीकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. तिने कोपऱ्यातली काठी घेतली, डोक्यावर पानांचं इरलं घातलं आणि म्हणाली, "चला. पन मी सांगेन तवा बसायचा, मी सांगेन तवा उठायचा."

आमचा बेत दुपारपर्यंत वर पोचायचा होता. पण वाडीच्या वरच्या ओढ्याला पाणी आलेलं होतं, लाल, गढूळ, आवाज करत जाणारं. हिरीने काठी घालून बघितली आणि मान हलवली. आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. वहिनीचे ओठ पांढरे पडले होते. आई खाली बसून तिचे पाय आपल्या पदराने पुसत होती, पाऊस परत ते भिजवत होता, आई परत पुसत होती.  पाणी उतरलं तेव्हा दुपार कलली होती.

पुढची वाट मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. कारवीच्या ओल्या पानांचा तोंडावर बसणारा मार. शेवाळलेल्या दगडावर हिरीचे अनवाणी पाय कसे चिकटून बसतात, आणि माझे कसे घसरतात. थोड्या वेळाने पाऊस थांबला, पण आम्ही ढगात शिरलो होतो. पाऊस पडत नव्हता, नुसता सगळीकडे होता. हातभर पुढे हिरीची पाठ, तिच्या मागे आई, मग वहिनी, आणि मागून मी. वहिनी पडली तर धरायला मला मागे ठेवलं होतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर मला वाटत होतं, की ही आता बसणार आणि मी कुणाला काय सांगणार. मध्येच ती थांबली, दगडाला धरून म्हणाली, "वन्सं, तुम्ही लई गप आहात." मी म्हटलं, "दम लागलाय." त्या धुक्यात, कुणाचंच तोंड दिसत नव्हतं तिथे, सांगायला किती सोपं होतं. पण "दम लागलाय," एवढंच मी म्हटलं.

खिंडीत पोचलो तेव्हा तिथेही पांढरंच. वारा एवढा, की इरलं हिरीच्या डोक्यावर राहीना. आई बसली आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हार दिसली. "उगाच आणलं मी तुला," ती वहिनीला म्हणाली, "आता खाली जाऊ. मी तुझ्या पाया पडते, घरी जाऊन दोन घास खा." वहिनी उत्तर द्यायच्या आत हिरी नाकपुड्या फुगवून वर बघायला लागली. "वर उजेर हाय," ती म्हणाली. "ह्या टेपावर चला, थोराच हाय." आम्हाला उजेड-बिजेड काही दिसत नव्हता. पण वहिनी उठली होती. खिंडीच्या उजव्या बाजूला गवताचा एक उभा उंचवटा होता. आम्ही हाताने गवत धरत चढलो. आई मागून वहिनीला कमरेला हात लावून ढकलत होती. आणि मग वरचं पांढरं पिवळं व्हायला लागलं, पातळ व्हायला लागलं, आणि वहिनीचं डोकं आधी, मग खांदे, एखादी बाई विहिरीतून पायऱ्या चढून वर यावी तशी ती त्या ढगातून वर आली.

दूध उतू जायच्या आधी पातेल्याच्या काठाला येऊन थांबतं ना, तसे ढग आमच्या पायाशी काठोकाठ येऊन थांबले होते. त्याखाली पनवेल, शेतं, खाड्या, कुठेतरी समुद्र, सगळं बुडालेलं. दूर मलंगगडाचा सुळका तेवढा वर निघालेला होता, आणि आणखी दोन-तीन डोंगरांची डोकी. बाकी सपाट, पांढरं, हलणारं. आणि त्याच्या पार पलीकडच्या कडेला सूर्य, मोठा, केशरी, ढगांना टेकायला चार बोटं कमी. त्याचा उजेड आडवा येत होता, त्यामुळे सगळ्या ढगांवर लाल लाटा उठल्यासारख्या दिसत होत्या. कसलाही आवाज नव्हता. इतके दिवस कौलांवरचा तो आवाज कानात घेऊन आम्ही जगत होतो, आणि इथे काहीच नाही. मी जन्मल्यापासून त्या डोंगराखाली राहत होते आणि त्याच्या डोक्यावर हे असतं, हे मला कुणी सांगूनही खरं वाटलं नव्हतं.

बुडता सूर्य डोळे भरून बघू नये, असं आई मानायची. संध्याकाळी दिवा लावतानाही ती पश्चिमेकडे पाठ करायची. त्यामुळे मला भीती वाटली, की आता ती म्हणणार, हा चालत नाही. पण आईने सूर्याकडे बघितलंच नाही. ती पाठमोरी होऊन वहिनीकडे बघत उभी राहिली. वहिनीच्या गालांवर, भिजलेल्या केसांवर, फाटलेल्या ओठांवर ते केशरी ऊन पडलं होतं, आणि ती एकटक समोर बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हती. तिने बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन सोडलं. मग तिथेच गवतावर मटकन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, भूक लागली."

ते तीन शब्द ऐकताच आईने भाकऱ्यांचं गाठोडं पुढे ओढलं. तिला फडक्याची गाठ सुटेना, ती मी सोडली. "आधी गूळ. पाणी. एकदम भाकरी नको, पोटात कळ येईल," आई सांगत होती, आणि वहिनी लहान मुलासारखं सांगितलं तसं करत होती. गूळ झाला, पाणी झालं, मग तिळाची चटणी लावलेली भाकरीची चतकोर. ती सावकाश चावत होती. मी बघत होते तिच्याकडे, आणि मग सहज आईकडे बघितलं. आई जेवत होती. इतक्या भराभर, की तिला ठसका लागला. आई कधी अशी जेवत नसे. हिरीसुद्धा चावायची थांबून बघायला लागली. "म्हातारे," ती म्हणाली, "तू पन उपाशी व्हतीस काय गो?"

आईने पुढचा घास मोडला. वहिनीचा हात तोंडापाशी थांबला. मला एक एक ताट आठवायला लागलं. तू घे, मला मागाहून. तू घे, मला मागाहून. मागाहून ती कधीच बसली नव्हती, आणि तिच्या वाटचं मी जेवले होते.

सूर्य ढगांना टेकला, अर्धा झाला. वहिनी म्हणाली, "पण उद्याचं काय?" आई म्हणाली, "उद्याचं उद्या." वहिनीने मान हलवली. "न्हाई. तीन दिवस मला वाटत होतं, तो न्हाईच. रात्री तर वाटायचं, गेला तो, आता ह्यांचं काय. आन् तो हितं होता की. रोज हितंच होता, आपणच खाली होतो." तिने तोंडातला घास गिळला. "मी उद्यापास्नं डोंगराकडं तोंड करून हात जोडते न् जेवते. चालंल का, आत्याबाई?"

आईने हातावरचा भाकरीचा चुरा झटकला. "नेम तुझा, मला काय विचारतेस?" मग उजेड लाल झाला, आणि आई त्याच आवाजात, तांदूळ निवडताना बोलावं तसं बोलली. "तो खोकला तू आणलेला नाहीस, शालन. लग्नाआधीच्या शिमग्यालाच तो खोकत होता. मीच अडुळशाचा काढा करून द्यायचे. मुलीकडच्यांना कळू नये म्हणून बोलले नाही. मग तू आलीस, आणि मी तुझ्यावर ढकललं." वहिनीने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा रागवेल. ती म्हणाली, "गूळ आहे का अजून?" आईने उरलेला सगळा खडा तिच्या हातात दिला.

आई बोलून मोकळी झाली. त्याच गवतावर, त्याच उजेडात माझीही पाळी होती, आणि मी सूर्याकडे बघत बसले. आज लिहिते आहे ते तेव्हा बोलायचं होतं: वहिनी, तू हातावर पाणी घेतलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. पण खरं सांगायचं तर, त्या वेळी मला फक्त अपराधी वाटत होतं असंही नाही. मला आनंद झाला होता. दादा तिकडे खाटेवर पडलेला, इकडे दोन बायका माझ्यासमोर उपासाने वाळलेल्या, आणि मला त्या लाल ढगांकडे बघून असा आनंद झाला होता, की ओरडावंसं वाटत होतं. त्या आनंदाचीही मला पुढे बरीच वर्षं लाज वाटली. आता वाटत नाही. दादा पुढच्या उन्हाळ्यात घरी आला, बारीक होऊन, एका दमात जिना न चढता येणारा, पण आला. कारखान्यात त्याला बसून करायचं काम मिळालं. आज निवृत्त होऊन वहिनीशी दिवसभर भांडत असतो. त्याचा आणि त्या नेमाचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. वहिनी म्हणते.

उजेड होता तोवर आम्ही खिंडीखाली आलो, पुढे हिरीच्या मागे चाचपडत उतरलो आणि तिच्या झोपडीत निजलो. सकाळी पुन्हा तेच, धो धो पाऊस, डोंगर नाहीसा. हिरीने चुलीवर नाचणीच्या भाकऱ्या भाजल्या आणि एकेक भाकरी आमच्यासमोर कुड्याच्या पानांवर ठेवली, वर टाकळ्याची भाजी. ठाकराच्या घरचं शिजलेलं आईने जन्मात खाल्लेलं नव्हतं. वहिनी उठून दारात गेली. समोर पावसाशिवाय काही नव्हतं. जिथे डोंगर असायला हवा होता, त्या दिशेला तिने हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि येऊन पानापाशी बसली. ती आईकडे बघत होती. आईने आपल्या पानावरची भाकरी मोडली आणि पहिला घास स्वतः घेतला. मग वहिनीने घेतला.

ती भराभर जेवली. पान चाटून पुसून झालं, आणि ती जरा संकोचून म्हणाली, "हिरे, अजून आहे का गं?" हिरी ओशाळली. पीठ तेवढंच होतं. माझ्या पानावर अर्धी भाकरी उरली होती. मी ती उचलून वहिनीच्या पानावर ठेवली.  तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि खाल्ली.